जुन्या हार्डटेलचे पार्ट बदलताना: डिसेंबर ते मार्च

माझी सायकल २०११ च्या दिवाळीत घेतलेली. ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, २६ इंची चाकं, पुढे तीन मागे आठ गिअर, डिस्क ब्रेक पण केबलवाले. तेव्हा २४,५०० ला पडली होती आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने घेतलेली ती माझी पहिली मोठी वस्तू. तिच्यावर सिंहगड झालाय, बोपदेव घाट झालाय, आणि इथली पुण्यातली वेताळ टेकडी किती वेळा ते मोजलेलंच नाही. हे सगळं लिहितेय कारण तीन महिने मी नेटवर शोधत होते की जुन्या २६ इंचीला आता नक्की काय काय बसतं, आणि मराठीत काहीच सापडत नव्हतं, इंग्रजीत सापडायचं ते सगळं तिकडचे भाव, तिकडची दुकानं.

३ डिसेंबर २०२३, रविवार. टेकडीवरून खाणीच्या बाजूने उतरत होते. मागचा ब्रेक पूर्ण दाबला, लिव्हर हँडलला टेकला तरी सायकल सुटतच होती, आणि त्याच वेळी एका खड्ड्यात चेन पुढच्या चकतीवरून उतरून क्रँक (पायडलचा दांडा) आणि फ्रेमच्या मधे जाऊन बसली. पडले नाही, पण समोरून दोन आजी येत होत्या फिरायला, त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाय घासत थांबले. त्या काही बोलल्या नाहीत, मीच घाबरले होते. घरी येईपर्यंत ठरवलं होतं की एकतर हिला नीट करायचं नाहीतर टेकडीवर न्यायचं नाही.

पहिल्यांदा नवीनच बघायला गेले, खोटं कशाला सांगू. बहुतेक दुकानांत एकच सल्ला, ताई हिच्यात पैसे घालू नका, नवीन घ्या, ५५-६० हजारात छान येईल. पण माझी उंची पाच फूट एक इंच, आणि आता बहुतेक सायकली २९ इंची चाकाच्या, दोन चालवून बघितल्या आणि दोन्हीवर पुढचं चाक माझ्यापासून लांब कुठेतरी आहे असं वाटत राहिलं. माझी जुनी फ्रेम साडेपंधरा इंची, मला बरोबर मापात बसते. म्हणून जुनीच ठेवायची ठरलं. बजेट २५ हजार. (पुढे काय झालं ते येईलच.)

बाबा पिंपरीला टूलरूममधे होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. मी जेवताना सगळं सांगत होते, हे बसेल का ते बसेल का, ते म्हणाले, "अगं आधी माप घे, मग दुकानात जा." आणि उठून कपाटातून व्हर्नियर काढून आणला, लाकडी डबीतला, आत अजून तेलाचा कागद. त्या रात्री आम्ही दोघांनी हॉलमधे वर्तमानपत्र पसरून सायकल उलटी केली. बाबा मापं घेत होते आणि मी वहीत लिहीत होते. प्रत्येक माप ते तीनदा घ्यायचे, चष्मा वर करून, जबडे अगदी हलक्या हाताने मिटवत, आणि तीनही सारखी आली तरच "लिही" म्हणायचे.

त्या वहीतलं एक पान हाच या सगळ्या कामातला सर्वात उपयोगी खर्च, जो शून्य रुपये होता. त्यात काय होतं ते सांगते कारण तुमची सायकल त्या काळातली असेल तर तुम्हालाही हेच लागेल. पुढच्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची, वर जाणारी नळी, म्हणजे स्टिअरर, २८.६ मिमी, वरपासून खालपर्यंत सरळ. आता नवीन बहुतेक फोर्क खाली जाड होत जाणाऱ्या नळीचे येतात, ते अशा फ्रेममधे जातच नाहीत. हँडलबार मधे २५.४, आताचे ३१.८, म्हणजे बार बदलला की त्याला धरणारा स्टेमही बदलायचा. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, रुंदी १३५, पुढची १००, दोन्ही क्विक रिलीजवाले, म्हणजे पान्याशिवाय निघणारे. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगवर फिरते तिची, नळी ७३ मिमी. डिस्कच्या चकत्या सहा बोल्टच्या, पुढची जाडी १.६ आणि मागची १.५ भरली, आणि १.५ ला आली की चकती बाद, म्हणजे मागची बदलायचीच, आणि पुढचीही तिथवर येतच होती. सीटपोस्ट २७.२, तो तर हललाच नाही, पण त्याचं नंतर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे गिअर म्हणजे हबवर सरकवून बसवलेली कॅसेट आहे की आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील. माझी आठची कॅसेट निघाली. हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं कारण शिमानोच्या त्याच हबवर नऊची आणि दहाचीही कॅसेट जाते, अकराचीही एमटीबीवाली (माउंटन बाइकची) जाते, पण शिमानोच्या बाराला वेगळा हब लागतो. सातच्या जुन्या सायकलींवर बऱ्याचदा फ्रीव्हील असतं, मग अख्खं मागचं चाकच बदलावं लागतं, तेव्हा हे आधी बघा, पार्ट मागवायच्या आधी.

मग काय घ्यायचं हा प्रश्न. मला पुढची तीन चकत्यांची भानगड नको होती, चेन तिथूनच उतरते. पुढे एकच चकती, एक आड एक जाड-बारीक दात असलेली, जिला नॅरो-वाइड म्हणतात, आणि मागे क्लचवाला डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेतो तो), म्हणजे खड्ड्यात चेन फडफडत नाही. मी मायक्रोशिफ्ट कंपनीचा ॲडव्हेंट सेट घेतला, नऊ गिअर, कॅसेट ११ ते ४२. शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर, कॅसेट मिळून ९,२००, चेन वेगळी १,१५०. दहा-अकरा गिअरचं घेता आलं असतं पण नऊची चेन जरा जाड, स्वस्त, आणि कुठल्याही दुकानात मिळते, हे मला जास्त पटलं.

पुढची चकती किती दातांची हा हिशोब मी दोन संध्याकाळी करत होते. जुन्यावर सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढे २२ मागे ३२, पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.६९ वेळा फिरतं. नवीनवर पुढे ३२ घेतली तर ०.७६, म्हणजे चढावर आत्तापेक्षा जड. ३० घेतली तर ०.७१, जवळजवळ जुन्याइतकंच. टेकडीचा शेवटचा चढ मी त्या २२-३२ वरच कसाबसा काढते, म्हणून ३० च. त्याची किंमत सपाटीवर मोजावी लागते, ३०-११ वर ८० च्या कॅडन्सने, म्हणजे मिनिटाला पायडलचे ८० फेरे, ताशी साधारण २६-२७ किमी होतात, त्याच्या वर पाय नुसते गरगरतात. पौड रोडवर मला तेवढे पुरतात.

इथे पहिली अडचण. माझ्या जुन्या क्रँकच्या तिन्ही चकत्या रिव्हेट मारलेल्या, बोल्टच नाहीत, म्हणजे एक चकती काढून दुसरी लावणं शक्यच नाही. क्रँकच नवीन हवी. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एकाकडून वापरलेली शिमानोची डिओरे क्रँक ३,००० ला मिळाली, पोकळ ॲक्सलवाली, बोल्ट सर्कल, म्हणजे चकतीचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, १०४ मिमी. १०४ ला साधारण ३२ च्या खाली जाता येत नाही, ३० ची येते पण तिला बोल्टचे आटे चकतीतच पाडलेले असतात, तशीच मागून घ्या. ती १,९०० ला, आणि नवी बॉटम ब्रॅकेट १,४५०. दुसरी अडचण, जुना शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात. गिअर बदलायचे तर ब्रेकही बदलायचे. मला हायड्रॉलिक ब्रेक हवेच होते त्यामुळे शिमानोचे एमटी२०० घेतले, जोडी ४,९००, डिस्कच्या चकत्या १,३००. २५ हजाराचं बजेट तिथेच गेलं, फोर्कचा विषय अजून निघायचा होता.

आता हँगरची गोष्ट. डिरेलर फ्रेमला थेट लागत नाही, मधे एक बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा असतो तो हँगर. माझा थोडा वाकला होता. ६ जानेवारीला एका मोठ्या दुकानात तो सरळ करायला दिला, आणि सरळ करताना त्याला चीर गेली. त्यांनी प्रामाणिकपणे दाखवलं, पैसे घेतले नाहीत, पण दुसरा तसा त्यांच्याकडे नव्हता, पुण्यात कुठेच नव्हता, मुंबईला काळबादेवीतही एका मित्राकडून चौकशी केली, नाही. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. वीस-पंचवीस ग्रॅमच्या तुकड्यासाठी अख्खी सायकल भिंतीला टेकून उभी, त्या आठवड्यात मला खरंच रडू यायचं बाकी होतं.

९ जानेवारीला बाहेरच्या एका साइटवर मापं जुळवून हँगर मागवला, हँगर १,६५० चा आणि पाठवणावळ १,४००. १९ ला मुंबईत पोचला आणि अडकला. २० ला केवायसीची मेल, आधार आणि बिल अपलोड करा. केलं. २३ ला परत मेल, पार्सलवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, कारण मी ऑर्डरवर वडिलांचं नाव घातलं नव्हतं. मग सही केलेलं पत्र, की या दोन्ही नावांची व्यक्ती मीच, आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. फोनवर विचारलं की जर्मनीतल्या भावाने गिफ्ट म्हणून पाठवलं असतं तर सुटलं असतं का, कुरियरवाली म्हणाली नाही मॅडम, डिसेंबर २०१९ पासून गिफ्टची सूट बंद आहे, जीवरक्षक औषधं आणि राखी एवढंच. २६ ला सुट्टी. २ फेब्रुवारीला सुटलं, ड्यूटी आणि कुरियरवाल्यांचं शुल्क मिळून २,११० भरले. १,६५० ची वस्तू ५,१६० ला पडली. बाहेरून मागवणार असाल तर नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, एवढं तरी करा.

मधल्या काळात बाबा गप्प बसले नव्हते. फुटलेला हँगर घेऊन ते मला २० जानेवारीला भोसरीला घेऊन गेले, त्यांच्या जुन्या ओळखीचं छोटं वर्कशॉप, दोन मिलिंग मशीन आणि एक लेथ. तिथल्या दादांनी तुकडा हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, होईल. बाबांचं म्हणणं स्टीलमधे करू, आयुष्यभर बघायला नको. मी सायकल ज्यांच्याकडे नेते त्या पेठेतल्या काकांना तिथूनच फोन लावला, ते ओरडलेच, "ताई, स्टील अजिबात नको! पडलात तर हँगर वाकला पाहिजे, तुटला पाहिजे, नाहीतर तो बसतो तो फ्रेमचा कान जाईल." ते बाबांनाही लगेच पटलं, आणि ६०६१ ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायची ठरली.

पहिला नमुना दिसायला इतका सुंदर झाला होता, कडा सुद्धा मारलेल्या. डिरेलरचा बोल्ट लावायला गेले तर एक फेरा जाऊन घट्ट. बाबांनी बोल्ट बाहेर काढला, पिच गेज लावला आणि कपाळाला हात लावला. दहाचाच बोल्ट, पण त्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १ मिमी, आणि भोकात आटे पाडायचा टॅप मारला होता नेहमीचा, दीडचा. डोळ्याला फरक कळतच नाही. एकच्या पिचचा टॅप तिथे नव्हता, तो आणून पुढच्या शनिवारी, २७ ला, दोन हँगर करून मिळाले. दोघांचे मिळून ९००. कुणी करून घेणार असेल तर दुकानात जाताना डिरेलर बरोबर न्या आणि टॅप मारायच्या आधी बोल्ट दाखवा.

३ फेब्रुवारीला काकांकडे काम सुरू झालं. मी दिवसभर तिथेच स्टुलावर बसून होते, त्यांची हरकत नसते. जुनी बॉटम ब्रॅकेट बारा वर्षं कुणी उघडली नव्हती, आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं होतं तरी हलेना. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमी ज्या दिशेने आवळतो त्या दिशेला फिरवलं तर सैल होतं, हे माहीत नसताना घरी जोर लावणारे लोक ती आणखी आवळून बसतात असं काका म्हणाले. पान्याला तीन फुटी पाईप लावला, एका पोराने फ्रेम धरली, आणि कट् असा आवाज आला तेव्हा मला वाटलं फ्रेमच गेली. पण निघाली. आत सगळा तपकिरी चिखल, टेकडीचाच असणार. आटे ब्रशने साफ करून ग्रीस लावून नवीन बसवली, ७३ च्या नळीला एकच वॉशर, चेनच्या बाजूला, ६८ असती तर तीन लागले असते.

हँगर भोसरीचाच लावला, पार्सल तेव्हा पोचलं नव्हतं. तो लावल्यावर काकांनी लांब दांड्याचं गेज लावून चाकाच्या चार बाजूंना अंतर बघितलं, एका ठिकाणी थोडा फरक होता तो हाताने काढला. हे करायला विसरू देऊ नका, नवा हँगर सुद्धा सरळ असेलच असं नाही आणि मग गिअर कितीही सेट केले तरी मधेच एखादा अडकतो. चेनची लांबी, डिरेलरमधून न नेता सगळ्यात मोठ्या दोन्ही चकत्यांवरून फिरवून वर दोन कड्या. मी जुन्या चेनच्या मापाने कापणार होते, बरं झालं काकांनी थांबवलं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चकत्यांची मापं आता बदललेली आहेत.

६ तारखेला पार्सल आलं. तोही हँगर नीट बसला. तो आता सीटखालच्या पिशवीत असतो, रबरबँडने ॲलन कीच्या सेटला बांधलेला.

फोर्क हा सगळ्यात लांबलेला भाग. सरळ स्टिअरर, २६ इंची, क्विक रिलीज, डिस्क, हवेवर चालणारा, असा नवीन शोधून मला मिळाला नाही, म्हणून वापरलेला. आधी एक मिळत होता ५,००० ला, पैसे टाकणारच होते, बाबा म्हणाले नळीची लांबी विचार. माझ्या सायकलला हेडट्यूब (फ्रेमची पुढची नळी), बेअरिंग, वॉशर, स्टेम धरून १८० मिमी लागते, त्याची कापून १७० राहिली होती. नळी कापता येते, वाढवता येत नाही. दुसरा बंगळुरूच्या एकाकडे, १९५, त्याने मेजर टेप लावून फोटो पाठवला. १२ फेब्रुवारीला अर्धे पैसे, २१ ला पोचल्यावर उरलेले, एकूण ७,५०० आणि कुरियर ६५०. ट्रॅव्हल, म्हणजे फोर्क किती दबतो ते, जुन्याइतकाच, १०० मिमी, मुद्दाम. १२०-१३० चा स्वस्तात मिळत होता पण पुढून सायकल उचलली जाते, हेडट्यूबचा कोन बदलतो, आणि या फ्रेमवर तेवढा ताण पडावा म्हणून ती केलेली नाही.

२४ फेब्रुवारीला फोर्क, ब्रेक, बार. पुढे नव्या फोर्कला कॅलिपर (ब्रेकचा चकती दाबणारा भाग) सरळ बसला, मागे फ्रेमला जुन्या पद्धतीचे कान म्हणून ॲडॉप्टर, ३५०. फ्रेमवर केबलसाठी जागा आहे पण होससाठी, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळीसाठी, नाही, म्हणून झिप टायने बांधलाय, दिसायला जरा ओबडधोबड पण घट्ट आहे. होस कापायच्या आधी कुठल्या हाताला कुठला ब्रेक हवा ते सांगा, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. माझा मागचा ब्रेक कापल्यावर स्पंजसारखा लागत होता, आत हवा गेलेली, त्यामुळे तेल भरून परत ब्लीड करावा, म्हणजे हवा काढावी लागली, एक दिवस त्यात गेला. बार ६२० चा होता तो ७२० चा झाला आणि स्टेम १०० वरून ६०, दोन्हीचे २,७००. टायर २६ गुणिले २.१, दोन मिळून २,६००, तीन दुकानं फिरून, आणि ट्यूबमधे सीलंट (पंक्चर आतून बुजवणारं द्रव) भरून घेतलं कारण टेकडीवर बाभळीचे काटे. त्या ट्यूबना व्हॉल्वचा आतला खिळा निघणारा हवा, नाहीतर सीलंट आत जात नाही. ट्यूब आणि सीलंट ९००.

ग्रिप, केबल वगैरे १,१००, मजुरी ३,५००. सगळं मिळून ४८,२६०. पार्सल मागवलं नसतं तर ४३,१००. ठरवलेल्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट, आणि नव्या सायकलपेक्षा फार कमी नाही. हा आकडा लपवायचा नाही असं मी सुरुवातीपासून ठरवलं होतं. तुमची फ्रेम मापाची नसेल, किंवा फ्रीव्हीलवाली सायकल असेल, तर इतका खर्च करू नका असंच मी सांगेन. फक्त ब्रेक, टायर आणि बार-स्टेम बदलले असते तरी माझी निम्मी भीती गेली असती, ते, शिफ्टर आणि मजुरी सोडून, साधारण १३ हजारात झालं असतं.

३ मार्च, रविवार, सकाळी साडेसहा. आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन ब्रेक दाबले होते, नव्या पॅडना ते लागतं, आधी ब्रेक लागत नाही म्हणून घाबरू नका. फोर्कच्या पायाला झिप टाय बांधून मी बसल्यावर किती दबतो ते बघितलं, २२ मिमी, ठीक. वेताळबाबाच्या देवळापर्यंत एकदाच पाय टेकला. उतरताना त्याच खाणीच्या वळणावर मुद्दाम थांबून उभी राहिले. मग एका बोटाने ब्रेक धरून हळूहळू खाली आले, चेनचा आवाज नाही, नुसता टायरखालच्या खड्यांचा. वाटेत फिरणारे लोक दिसले की लांबूनच वेग कमी करता येत होता, मला तेच हवं होतं.

घरी आले तर बाबा खाली पार्किंगमधे उभे. काही विचारायच्या आधी खाली बसून हँगरकडे बघायला लागले, बोल्टवर बोट फिरवलं, म्हणाले "सरळ आहे."

महिन्याभराने केबल थोडी ढिली झाली, शिफ्टरजवळचा केबल ताणायचा बॅरल अर्धा फेरा फिरवला, घरीच झालं. सीटपोस्ट मात्र अजून निघालेला नाही. दर रविवारी बाबा त्याच्या कडेने तेलाचे दोन थेंब सोडतात आणि चिंधी गुंडाळून एकदा पिळून बघतात.